शांताबाईंच्या पायांसाठी

दुसऱ्यांच्या वतीने देवासाठी वेळ काढणं हा माझा पोटापाण्याचा धंदा होता. चर्चच्या कागदोपत्री माझं पद 'गृहभेट सेविका' असं होतं. जुनी माणसं 'बायबलबाई' म्हणायची. डहाणूच्या मासळी बाजारातल्या मावश्या मात्र सरळ 'प्रार्थनावाली बाई' म्हणत, जशी दूधवाली किंवा भाजीवाली. मला तेच नाव जास्त खरं वाटायचं. दूध दारात आलं की गाय पाळावी लागत नाही. आमच्या मंडळीतल्या बऱ्याच घरांत प्रार्थना अशीच दारात यायची.

ह्या नाताळ अंकाच्या संपादकांनी मला 'काहीतरी प्रेरणादायी लिहा' असं बजावलंय. मी घडलं ते लिहिते. त्यात प्रेरणा सापडली तर वाचकांनी ठेवून घ्यावी.

ज्यांना आमच्या रीती ठाऊक नाहीत त्यांना थोडं सांगायला हवं. ख्रिस्ती घरात रोज सगळ्यांनी एकत्र बसावं, शास्त्रातला एखादा भाग वाचावा, जरा गप्प राहावं आणि मग आपल्याच साध्या शब्दांत देवाशी बोलावं, अशी अपेक्षा असते. ह्याला फार वेळ लागत नाही. चहा उकळून, गाळून, फुंकून प्यायला लागतो तेवढाच. रविवारची चर्चमधली उपासना वेगळी आणि ही घरची वेगळी. रविवारी पाळकसाहेब असतात, पेटी-तबला असतो, नवी साडी दाखवायला माणसं असतात. घरच्या प्रार्थनेत ह्यातलं काहीच नसतं. नुसता देव असतो. म्हणून ती जड जाते. सेविकेनं घरोघरी जाऊन ही सवय लावायची, आजाऱ्यांजवळ बसायचं, ज्यांना दिसत नाही त्यांना वाचून दाखवायचं. सवय लागली की तिनं त्या घरातून पाय काढून घ्यायचा. मी निवृत्त झाले तोवर मला एकाही घरातून पाय काढावा लागला नव्हता. त्यावरून माझ्या कामाचं यश काय ते समजा.

'शालिनीबाई, वेळच मिळत नाही हो!' हे वाक्य मी आयुष्यात जेवढं ऐकलं तेवढं 'आमेन'सुद्धा ऐकलं नसेल. आणि तेही कुठे, तर डहाणूत. जिथे दुपारची जेवणं झाली की बाजारातली शटरं अर्ध्यावर येतात, औषधवाले जिग्नेशभाई काउंटरमागे आडवे होतात आणि रिक्षावाला 'जरा थांबा ना' म्हणत सीटवर पाय वर घेतो. जिथे संध्याकाळी पारनाक्याच्या समुद्रावर माणसं सूर्य बुडेपर्यंत बसतात आणि बुडाल्यावरही तो परत येतो की काय म्हणून बसून राहतात. त्या गावात वेळ कमी पडायचा तो फक्त देवापुरता.

ओहोळबाईंचंच बघा. शाळेतून निवृत्त झालेल्या, घरात एकट्या, पेन्शन चालू, मुलगा पुण्याला. माझी चप्पल दारात वाजली रे वाजली की त्यांना बोंबील तळायची आठवण व्हायची. "तुम्ही सुरू करा, मी इथून ऐकतेय," असं आतून सांगायच्या. मी रिकाम्या सोफ्यासमोर डोळे मिटून उभी राहायचे. एकदा मी "हे प्रभू, आमच्या पापांमुळे तुला किती दुःख होतं" एवढंच म्हणाले, तर आतून आवाज आला, "आमेन, आमेन! बाई, साखर किती घालू?"

रेल्वेत तिकीट खिडकीवर बसणारे सायमनभाऊ त्याहून हिशेबी. सोमवारी मी गेले की हात जोडून म्हणायचे, "बाई, आजच शनिवारपर्यंतची करून टाका. रोज रोज तुम्हाला कशाला त्रास?" जन्मभर लोकांना पास काढून दिलेले. देवाकडेही पास मिळत असेल अशी त्यांची समजूत झाली असावी.

चिंचणीला एक जोडपं होतं. नवरा-बायकोचं बोलणं बंद होतं. कशावरून, ते दोघांनाही आठवत नव्हतं. पण माझ्या प्रार्थनेत दोघं नेमानं बसत, कारण एकमेकांना निरोप द्यायची ती एकच सोय होती. बायको म्हणायची, "शालिनीबाई, प्रार्थनेत जरा ह्यांच्या डोळ्यांसाठी मागा. गॅस संपलेला ह्यांना दिसत नाही." नवरा म्हणायचा, "आणि असंही मागा, की ज्यांना तो संपणार हे आधी कळतं त्यांना तोंड उघडायची बुद्धी होवो." मी दोन्ही मागण्या वर पाठवायचे. सिलिंडर दुसऱ्या दिवशी यायचा. देव ऐकतो ह्यावर त्या घराचा विश्वास होता तो असा.

ह्या कामाची काही खुबी असते. आल्याबरोबर शास्त्र उघडायचं नाही, आधी घरात कोण आजारी आहे ते विचारायचं. वाचायचा भाग छोटा घ्यायचा. कुकरची शिट्टी झाली की प्रार्थनेची गाडी उताराला लावायची. आणि कोणी रडायला लागलं तर बोलणं थांबवायचं, कारण त्या घरातली खरी प्रार्थना तेव्हा सुरू झालेली असते. ही शेवटची गोष्ट मला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवली नाही. ती मी तलासरीला शिकले, शांताबाईंच्या घरी.

शांताबाई मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. दवाखान्यापेक्षा त्या बाहेरच जास्त असत. तलासरीच्या आसपासच्या पाड्यांवर पायी जाऊन त्यांनी किती बाळंतपणं केली, किती पोरांना डोस पाजले, त्याला गणतीच नाही. निवृत्तीनंतर त्या तिथेच एका छोट्या कौलारू घरात राहत होत्या. मंगळवारी आणि शुक्रवारी मी एसटीनं त्यांच्याकडे जायचे. नावाला त्यांच्यासाठी, पण खरं सांगायचं तर माझ्यासाठी. बाकी सगळ्या घरांत मी बोलायचे आणि लोक घड्याळ बघायचे. इथे दोघी गप्प बसायचो आणि कोणीच घड्याळ बघत नसे. प्रार्थना त्या स्वतः करायच्या, दोन-तीन वाक्यांची. "आज भात खाली लागला. पण पोटभर होता. उपकार," एवढंच एकदा म्हणाल्या आणि डोळे उघडले.

मग त्यांचे पाय सुजायला लागले. आधी चप्पल चढेना, मग उभं राहवेना. शेजारची बाई पाणी भरून द्यायची, भाकरी टाकून द्यायची. शांताबाई सकाळी उंबऱ्याजवळच्या खुर्चीवर रस्त्याकडे तोंड करून बसायच्या.

"मुलाला कळवते मी," मी म्हणाले.

"नाही हं शालू! त्याला सांगायचं नाही," त्यांनी माझं मनगटच धरलं. "तो रविवारी फोन करतो. त्याला सवड झाली की येईल. मी आजारी आहे म्हणून नको यायला."

मी शब्द दिला. तो पाळणं सोपं नव्हतं, कारण त्यांचा मुलगा म्हणजे आमचे विल्सनसाहेब.

विल्सन लोंढे हे डहाणूतलं मोठं प्रस्थ. तलासरीच्या रस्त्याला त्यांचा फुग्यांचा कारखाना. साचे रबराच्या दुधात बुडवायचे, वाळवायचे, पावडर लावून फुगे सोलून काढायचे. तपासायला आणि पाकिटं भरायला पाड्यांवरच्या बायका. विल्सनसाहेब मंडळीच्या पंच कमिटीचे सेक्रेटरी. मनाने वाईट माणूस नव्हे. चर्चचं छप्पर गळलं तर पहिले धावणारे तेच. फक्त कोणतंही काम फुगवल्याशिवाय त्यांना करता यायचं नाही.

एका कमिटीत मंडळीच्या आध्यात्मिक जीवनाचा विषय निघाला. पाळकसाहेब कळवळून म्हणाले की लोक घरी प्रार्थना करत नाहीत, देवाला वेळ देत नाहीत. विल्सनसाहेबांनी टेबलावर हात मारला. "योजना काढू!" आणि योजना निघाली. नाव, 'पहिला वेळ देवाचा'. चर्चच्या फाटकावर फ्लेक्स लागला. त्यात एका कोपऱ्यात क्रूस होता आणि उरलेल्या जागेत विल्सनसाहेब होते.

उद्घाटनाला पाहुणे बोलावले होते. ते उशिरा आले. मग त्यांचा सत्कार, मग त्यांना सोबत घेऊन आलेल्यांचा सत्कार, मग ज्यांनी मांडव दिला त्यांचा. विल्सनसाहेब बोलायला उभे राहिले. "आज माणसाकडे सगळ्यांसाठी वेळ आहे, पण ज्यानं वेळ निर्माण केला त्याच्यासाठी नाही!" टाळ्या पडल्या. खरंच चांगलं बोलायचे ते. हे सगळं होईतो ऊन डोक्यावर आलं. शेवटी योजनेसाठी प्रार्थना करायला मी उठले, तर साहेब माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "शालिनीबाई, जरा आटोपतं घ्या. बिर्याणी थंड होतेय."

योजना अशी, की प्रत्येक घरानं सकाळी देवासाठी वेळ काढायचा आणि त्याचा फोटो मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा. पुरावा हवाच. पहिल्या आठवड्यात ग्रुप भरून वाहिला. उघडं शास्त्र, शेजारी चहाचा कप, कुठे प्लास्टिकचा गुलाब. डहाणूतल्या ख्रिस्ती लोकांना इतका वेळ अचानक कुठून मिळाला हे कळेना. फोटोखाली साहेबांचा अंगठा यायचा. अंगठ्यासाठी चढाओढ लागली. एका घरानं खिडकीचा पडदा बदलला. सायमनभाऊंनी एका सकाळी बसून आठवडाभराचे फोटो काढून ठेवले, शर्ट बदलून बदलून. ओहोळबाईंनी तर हिवाळ्यातला एक चांगला आलेला फोटो निवडला आणि तोच टाकत राहिल्या. ऐन मे महिन्यात, आम्ही सगळे घामानं निथळत असताना, त्या स्वेटर घालून प्रार्थनेला बसलेल्या दिसायच्या. साहेबांचा अंगठा त्यावरही होता.

फोटो सुरू झाल्यापासून मी घरी गेले की लोक म्हणायचे, "आजचं झालं, बाई." म्हणजे फोटोचं. मग हळूच म्हणायचे, "पण आलाच आहात तर करून जा."

अशात माझा पाय घसरला. चर्चच्याच पायऱ्यांवर, पावसाच्या शेवाळ्यावर. घोटा मोडला, प्लास्टर पडलं, डॉक्टरांनी पलंगावरून उतरायला बंदी केली. मंडळीत हाहाकार झाला. माझ्या घोट्यामुळे नव्हे, हे मी तिसऱ्या फोनला ओळखलं. "लवकर बऱ्या व्हा हो," असं सगळे म्हणत, आणि लगेच, "मग आमच्या घरचं कोण करणार?"

विल्सनसाहेब चिकूची पेटी घेऊन भेटायला आले. बसल्या बसल्या त्यांना उपाय सुचला. "तुम्ही पलंगावरून फक्त बोला. मोबाईलवर एक प्रार्थना रेकॉर्ड करा. मी ग्रुपवर टाकतो. घराघरांत रोज तीच लावायची. कारखान्यातसुद्धा सकाळी मशीन सुरू व्हायच्या आधी भोंग्यावर लावू. तुमची सेवा अखंड चालू राहील!"

"साहेब, प्रार्थना रोजची रोज करायची असते."

"ऐकतील तर रोजच्या रोज ना!" असं म्हणून ते उठले. त्यांना कुठेतरी जायचं होतं. त्यांना कायम कुठेतरी जायचं असे.

त्या दिवशी शुक्रवार होता. एसटी गेली असेल, शांताबाई रस्त्याकडे बघत बसल्या असतील, हेच माझ्या डोक्यात. मोबाईल तोंडाशी धरला आणि डोळे मिटले, तर बाकीची घरं आठवेचनात. मी बोलले ते साधारण असं: "प्रभू, हा आवाज ज्या घरात जाईल त्या घरावर दया कर. आणि तलासरीच्या शांताबाईंकडे बघ. त्यांचे पाय सुजलेत, उभं राहवत नाही. जन्मभर त्या पायांनी त्या दुसऱ्यांसाठी पाडे तुडवत हिंडल्या. त्यांना आराम दे. त्या सकाळभर दाराकडे बघत बसतात. त्यांच्याजवळ बसायला कोणाला तरी वेळ मिळू दे. आमेन." मध्येच माझ्या स्वैपाकघरात कुकरची शिट्टी झाली, तीही त्यात आली. पुन्हा रेकॉर्ड करायची ताकद नव्हती. पाठवून दिलं.

मी शांताबाईंना दिलेला शब्द पाळला होता. मुलाला काही सांगितलं नव्हतं, देवाला सांगितलं होतं. देवाला सांगितलेलं फॉरवर्ड होतं, हे मला ठाऊक नव्हतं. की होतं? थोडं होतं बहुतेक.

विल्सनसाहेबांनी ती प्रार्थना न ऐकताच पुढे ढकलली. खाली लिहिलं, 'अत्यंत आशीर्वादित संदेश. सर्वांनी रोज ऐकावा.' आणि दुसऱ्या दिवसापासून अख्ख्या डहाणूतली मंडळी शांताबाईंच्या पायांसाठी प्रार्थना करू लागली. माझा स्वतःचा पाय प्लास्टरात लटकलेला, त्याचं कोणी नाव घेईना. माझ्या कुकरची शिट्टी झाली की घरोघरच्या बायका आपापल्या गॅसकडे धावत. पण मोबाईल तिथेच ओट्यावर असल्यामुळे धावतानाही त्यांना शांताबाईंचे पाय ऐकू यायचेच.

मी असताना जे कधी झालं नाही ते आता व्हायला लागलं. तेच तेच ऐकून लोकांना शांताबाईंची चिंता वाटू लागली. औषधवाले जिग्नेशभाई आमच्यातले नव्हेत. पण त्यांच्या दुकानाच्या वरच्या खोलीत सायमनभाऊ राहतात आणि मोबाईल मोठ्यानं लावतात. माझ्या गोळ्या पोचवायला जिग्नेशभाई स्वतः आले आणि दारातूनच म्हणाले, "बेन, ते शांताबेनना आता केम आहे? सूज उतरली का? रोज सवारे ऐकतो, पण पुढचं कोणी सांगतच नाय!"

आणि एका सकाळी ओहोळबाई माझ्या पलंगाशी येऊन उभ्या राहिल्या. हातात डबा.

"मी तलासरीला जाऊन आले," त्या म्हणाल्या. जरा लाजल्यासारख्या दिसत होत्या. "त्या बाईंचे पाय ऐकून ऐकून माझेच पाय दुखायला लागले हो. म्हटलं, बघून तरी येऊ. बोंबील नेले होते. खाल्ले त्यांनी." मग खुर्ची ओढून बसल्या. "मी दुपारपर्यंत बसले तिथे. काही बोललो नाही फारसं. शालिनीबाई, त्या विल्सनसाहेबांच्या आई आहेत, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"आणि साहेबांना त्यांच्या पायांचं माहीत आहे?"

मी त्यांच्या हातातला डबा घेतला आणि झाकण उघडायला लागले. ओहोळबाई शिक्षिका होत्या. उत्तर न देणाऱ्याला उत्तर येतं की नाही हे त्यांना बरोबर कळायचं. मंडळीतल्या दोन-चार जुन्या माणसांनाही शांताबाई कोण ते कळलं होतं. ती सगळी गप्प होती, कारण साहेब सेक्रेटरी होते आणि चर्चच्या नव्या पंख्यांचं बोलणं चालू होतं.

इकडे कारखान्यात रोज सकाळी भोंग्यावर माझा आवाज घुमत होता. साहेब यायचे ते मशीन सुरू झाल्यावर. तिथल्या बहुतेक बायकांचे देव वेगळे, रीती वेगळ्या. पण कोणी देवाशी बोलत असेल तर हातातलं काम थांबवून गप्प उभं राहायचं, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं. सगळ्यांत नीट ऐकलं ते जानकीनं. ती शांताबाईंच्या बाजूच्याच पाड्यावरची. तिचा थोरला मुलगा शांताबाईंच्या हातावर जन्मलेला. शिफ्ट संपली की ती मोहाच्या बियांच्या तेलाची बाटली घेऊन शांताबाईंच्या घरी जायला लागली. तेल कोमट करून पाय चोळून द्यायची, मग घरी.

पुढचं मला जानकीनंच सांगितलं. विल्सनसाहेब कोणा व्यापाऱ्याला कारखाना दाखवत होते. ती पाकिटं भरत होती, ती उठून उभी राहिली.

"सायब, तुमच्या आयशीची सूज जरा उतरली हाय. काल काठी धरून उभी रायली."

"कसली सूज?" साहेब म्हणाले.

आजूबाजूच्या बायकांचे हात थांबले. जानकीला वाटलं साहेब थट्टा करतायत. "असं काय करता सायब? तुमीच तर रोज भोंग्यावर लावता ना!"

व्यापारी हसला. साहेब हसले नाहीत. ते केबिनमध्ये गेले, दार लावलं, आणि जानकी म्हणाली, काचेतून दिसत होतं, मोबाईल कानाला लावून खूप वेळ उभेच होते. खुर्ची मागे असून.

त्यानंतर ते थेट माझ्या घरी आले. माझं प्लास्टर नुकतंच उतरलं होतं, मी काठी घेऊन दोन खोल्यांत येरझाऱ्या घालत होते. ते दारातूनच ओरडले, "सगळ्या गावात माझी शोभा केलीत तुम्ही!"

"मी फक्त प्रार्थना केली. गावाला तुम्ही ऐकवलीत."

"मला एक फोन करता येत नव्हता? मी मुलगा आहे तिचा! मी काय आलो नसतो?"

ह्याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते त्यांच्याकडेही होतं. ते उंबऱ्यातच उभे. चेहऱ्यावरचा राग हळूहळू उतरत गेला आणि खाली नुसता घाबरलेला माणूस राहिला. म्हणाले, "दर रविवारी विचारतो मी. बरी आहे म्हणते."

"बरी आहे म्हटल्यावर फोन ठेवता ना?"

ते म्हणाले, "चला माझ्याबरोबर. मला एकट्याला जाववत नाही."

स्वतःच्या आईच्या घरी. मी चप्पल घातली.

पुढचं कसं झालं ते आधी सांगून टाकते, म्हणजे ती उत्सुकता नको. शांताबाईंचे पाय पूर्ण बरे झाले नाहीत. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मीठ तोडलं, त्या घरातल्या घरात हिंडू लागल्या. मुलाच्या बंगल्यावर राहायला गेल्या नाहीत, 'तिथे कोंबड्या नाहीत' म्हणाल्या. विल्सनसाहेब बऱ्याच सकाळी कारखान्याच्या आधी त्यांच्याकडे जातात. सीझनमध्ये चुकतं, मग पुन्हा सुरू होतं. ते तिथला फोटो टाकत नाहीत. ग्रुप अजून चालू आहे, त्यावर आता मुख्यतः वाढदिवस असतात. चिंचणीचं ते जोडपं बोलायला लागलं आणि आता इतकं भांडतं, की शेजारी मला परत येऊन प्रार्थना करायला सांगतात. ओहोळबाई माझ्या मंगळवारच्या एसटीत सोबत असतात, शुक्रवारी नाही, कारण शुक्रवारी ताजे बोंबील येतात.

तर त्या सकाळी आम्ही पोचलो तेव्हा शांताबाई उंबऱ्याजवळच्या खुर्चीवर होत्या. पाय पाटावर ठेवलेले, तेलानं चकाकत होते. मुलाला बघून त्या दचकल्या नाहीत की रडल्या नाहीत.

"आज रविवार आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही आई. बुधवार."

"मग कारखाना?"

"चालू आहे."

"बस."

साहेबांनी खुर्ची शोधली. दुसरी नव्हतीच. एक बुटकं स्टूल होतं आईच्या पायांशी, त्यावर ते कसेबसे टेकले. आईच्या पायांकडे बघायचे, नजर काढायचे, परत बघायचे.

"आमची प्रार्थनेची वेळ आहे," शांताबाई म्हणाल्या. "शालू इतक्या दिवसांनी आलीय, तिला दम खाऊ दे. आज तू कर." आणि त्यांनी डोळे मिटले.

विल्सनसाहेब सवयीनं उठून उभे राहिले. शर्ट खाली ओढला, घसा साफ केला. "हे परमेश्वरा, आजच्या ह्या मंगल प्रसंगी आपण सर्व जण इथे उपस्थित असताना, सर्वप्रथम मी—"

"विल्सन," शांताबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "इथे माईक नाही."

ते खाली बसले. लांब हायवेवरच्या ट्रकांचा आवाज येत होता. एक कोंबडी उंबऱ्यापर्यंत आली, आमच्याकडे बघून निघून गेली. साहेबांच्या खिशात मोबाईल वाजला. त्यांनी तो न बघता बंद केला. परत वाजला. परत बंद केला. मी डोळे मिटले नव्हते. माझ्या कामात मी कधीच पूर्ण मिटले नाहीत. त्यामुळे मला दिसलं, की त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि आईचं एक पाऊल उचलून मांडीवर घेतलं. तेल त्यांच्या इस्त्रीच्या पँटला लागलं. त्या सुजेवर अंगठा ठेवला, आणि अंगठा उचलला तरी तिथला खळगा तसाच राहिला. तो ते बघत राहिले.

"आई," ते म्हणाले. हा आवाज मी त्यांच्या कुठल्याही भाषणात ऐकला नव्हता. "फार दुखतात का गं?"

"दुखतात," शांताबाई म्हणाल्या. "आता डोळे मीट, आणि हेच त्याला सांग."